एक लक्ष गुलाब आणि तोळाभर अत्तर

लग्नाच्या मांडवांत पानसुपारीच्या वेळीं अत्तरदाणी घेऊन फिरणारा मुलगा आपल्या पंजाच्या मागच्या बाजूस अत्तराचें एक बोट ओढून पुढें जातो, आणि आपण तो हात नाकाशीं नेऊन क्षणभर थांबतों. त्या बोटभर सुवासामागें किती फुलें खुडलीं गेलीं व तीं खुडणाऱ्याच्या पदरीं काय पडलें, हा प्रश्न त्या वेळीं कोणाच्याही मनांत येत नाहीं; तो येण्याची ती वेळही नव्हे. पेशवाईंत विडा आणि अत्तरगुलाब झाला म्हणजे भेट संपली असें समजून पाहुण्यानें उठावयाचें असे. अत्तराच्या इतिहासाची गत थोडीशी तशीच झालेली आहे. अत्तर लावून झालें कीं इतिहासकार उठतात. मळ्यांत आणि भट्टीवर जाऊन बसण्याची तसदी फार थोड्यांनीं घेतली आहे.

गंधशास्त्र आपल्याकडे जुनें आहे यांत शंका नाहीं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर प. कृ. गोडे यांनीं १९४५ च्या सुमारास 'गंधसार' आणि 'गंधवाद' या दुर्मिळ ग्रंथांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. त्यांतील 'गंधवादा'वर मराठी टीका आहे, आणि गोड्यांनीं तिचा काळ १३५० ते १५५० यांच्या दरम्यानचा ठरविला. म्हणजे ज्या काळांतील मराठी गद्य आपण हाताच्या बोटांवर मोजतों, त्या काळीं कोणीतरी मराठी माणूस सुगंधी द्रव्यांच्या कृती आपल्या भाषेंत समजावून सांगत बसला होता! मराठीच्या अभ्यासकांनीं या टीकेकडे जितकें पाहावें तितकें पाहिलेलें नाहीं, अशी माझी तक्रार आहे. परंतु तो विषय निराळा. अशा ग्रंथांचा विषय कृति आणि प्रमाणें हा असतो. माळ्याचा हिशेब त्यांत शोधूं नये.

गुलाबाच्या अत्तराची जन्मकथाही राजवाड्यांतलीच आहे. नूरजहानच्या विवाहप्रसंगीं बागेंतील कालवे गुलाबपाण्यानें भरले होते, त्यावर तवंग आला आणि अत्तराचा शोध लागला, ही गोष्ट लोकांना फार आवडते. खुद्द जहांगिराच्या आत्मचरित्रांतील हकीकत याहून साधी आणि म्हणूनच अधिक खरी वाटणारी आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणें हा शोध नूरजहानच्या आईचा, म्हणजे अस्मत बेगमेचा. गुलाबपाणी काढतांना तें ऊन ऊन भांड्यांत ओतलें असतां वर साय धरते, हें तिनें पाहिलें व ती साय थोडीथोडी जमविली. सलीमा सुलतान बेगमेनें तिला 'इत्र-इ-जहांगिरी' असें नांव दिलें आणि बादशहानें अस्मत बेगमेस मोत्यांची माळ बक्षीस दिली. त्या सायीखालच्या गुलाबपाण्यासाठीं फुलें कोणीं पुरविलीं, त्याला काय बक्षीस मिळालें, हें बादशहानें लिहिलें नाहीं.

हा हिशेब लिहिलेला आढळतो तो दोन शतकांनंतर, आणि तोही परक्या माणसाच्या हातचा. गंगेच्या कांठचें गाजीपूर हें त्या वेळीं गुलाबासाठीं साऱ्या हिंदुस्थानांत प्रसिद्ध होतें. लॉर्ड कॉर्नवॉलिस १८०५ मध्यें तेथेंच वारला व त्याची समाधि तेथेंच आहे. पण गांवाची ख्याति समाधीमुळें नव्हती, फुलांमुळें होती. १८२४ मध्यें कलकत्त्याचा बिशप हेबर नदीनें वर जात असतां गाजीपुरास उतरला. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं रुपयाभर वजनाच्या अत्तराला दोन लाख गुलाब लागतात. असें अत्तर जागेवर ८० रुपयांस व शुद्धतेची हमी देणाऱ्या इंग्रजी वखारींत १०० रुपयांस मिळतें. हमी हवी, याचें कारणही तो सांगतो: लोक आतां चंदनाचें तेल मिसळूं लागले आहेत. शुद्धतेच्या हमीचे २० रुपये वखारीच्या पेटींत जात हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

याहून मोलाची टिपणें जॉन जॅक्सन नांवाच्या डॉक्टरानें १८३९ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत छापलीं. गाजीपूरच्या आसपास सुमारें ३०० बिघे जमीन लहान लहान तुकड्यांनीं गुलाबाखालीं होती. एका बिघ्यांत सुमारें एक हजार झाडें. जमिनीचा खंड बिघ्यास ५ रुपये, आणि वरील झाडांचा खंड २५ रुपये. खुरपणी, पाणी वगैरे मशागतीचा खर्च साडेआठ रुपये. एकूण ३८ रुपये ८ आणे. हंगाम चांगला गेला तर बिघ्यामागें एक लाख फुलें निघत. फुलांचा सौदा नेहमीं लाखावर होई आणि लाखाचा भाव सालाप्रमाणें ४० पासून ७० रुपयांपर्यंत असे.

या आंकड्यांवरून कोणाही शाळकरी मुलास हिशेब करतां येईल. भाव ४० चा लागला तर चांगल्या हंगामांतही हातीं दीड रुपया उरतो. ७० चा लागला तर साडेएकतीस. आणि हंगाम चांगला न गेला, फुलें ऐंशी हजारच निघालीं व भाव ४० चाच राहिला, तर बत्तीस रुपये हातांत येऊन खंड व खर्च साडेअडतीसांचा. साडेसहा रुपये घरांतून भरावयाचे. आतां अत्तराकडे पाहा. जॅक्सनच्या मतें लाख फुलांपासून सुमारें तोळाभर अत्तर निघे; हेबरनें याच्या दुप्पट फुलें सांगितलीं आहेत. हेबर धर्मोपदेशक, दोन दिवसांचा पाहुणा, आणि तोही फुलांच्या हंगामाबाहेरचा. जॅक्सनचें लिहिणें भट्टीजवळ बसलेल्या माणसाचें आहे; मी त्याकडे झुकतों. त्याचें प्रमाण धरलें तर चाळीस रुपयांच्या फुलांतून ऐंशी रुपयांचें अत्तर निघतें, आणि गुलाबपाणी वेगळें.

पण मला या हिशेबांत सर्वांत बोलका वाटतो तो खंडाचा आंकडा. जमिनीला ५ आणि झाडांना २५! गुलाबाचें झुडूप लावल्यावर भरपूर फुलूं लागण्यास दोन-तीन वर्षें जातात. तितकीं वर्षें ज्याला थांबतां येतें, त्याच्या हातीं झुडपें. आणि ज्याला थांबतां येत नाहीं, त्यानें तीं पांचपट खंडानें घ्यावयाचीं. या धंद्याची सारी व्यवस्था या एका गोष्टीवर रचलेली दिसते. फूल पहांटे उमलतें, उन्हें चढलीं कीं त्यांतील तेल उडूं लागतें, म्हणून बायकामुलांसह साऱ्या घरानें दिवस वर येण्याच्या आंत खुडणी उरकावयाची, आणि त्याच सकाळीं तें भट्टीवर पोंचवावयाचें. दुपारीं त्याच फुलाला निम्माही भाव नाहीं. तांदूळ, गहूं, कापूस यांचा भाव पडला तर शेतकरी महिनाभर तरी कोठार बंद ठेवील. गुलाबवाल्याचें कोठार दोन प्रहरीं आपोआप रिकामें होतें. भट्टीवाल्याचें तसें नाहीं. त्यानें अर्क काढून कुपींत बंद केला कीं तो पुढच्या सालापर्यंत वाट पाहूं शकतो. मोठ्या शहरांतील व्यापारी तर दहा वर्षें थांबेल. चांगलें अत्तर मुरल्यानें उलट चढतें.

गाजीपुरास अत्तर काढण्याची पद्धत मोठी हळुवार होती. आधीं गुलाबपाणी काढावयाचें, तेंच पुन्हा ताज्या फुलांवर घालून दुसऱ्यानें काढावयाचें, आणि मग तें पसरट धातूच्या भांड्यांत ओतून, वर ओली मलमल बांधून, रात्रभर थंडाव्यांत ठेवावयाचें. सकाळीं पाण्यावर अत्तराचा पातळ पापुद्रा येई. तो पिसानें अलगद उचलावयाचा. रात्रींची थंडी या कामास हवी. फुलें मार्चच्या आरंभीं येऊं लागत तीं एप्रिल सरेपर्यंत. पण एप्रिलांत रात्री तापत आणि पापुद्रा विरळ होत जाई. म्हणून हंगामाच्या शेवटीं फूल पुष्कळ आणि गिऱ्हाईक थोडें, अशी स्थिति येणें स्वाभाविक होतें.

त्याच गंगाकांठीं, त्याच गांवांत, कंपनी सरकारनें १८२० मध्यें अफूचा कारखाना काढला होता, आणि अफूच्या कुळांना सरकार आगाऊ तगाई देत असे. अफूच्या कुळाचें त्यांत भलें झालें असें मात्र कोणी समजूं नये. सरकारनें ठरविलेल्या दरांत त्याचा खर्चही कित्येकदां भागत नसे. तो कारखाना आजही चालू आहे. गुलाबाचा व्यापार मात्र विसाव्या शतकांत गाजीपुरांतून जवळजवळ उठला आणि पुढें बलिया जिल्ह्यांतील सिकंदरपूर, हाथरसजवळचें हसायन अशा ठिकाणीं विखुरला.

येथवर वाचून एखादा वाचक म्हणेल, कीं हें सारें उत्तरेकडचें. आमचा याशीं संबंध अत्तरदाणीपुरता. पण तसें नाहीं. गुलाबाच्या जागतिक व्यापारांत आपल्या खानदेशाचा हात होता, आणि तो, सांगावयास संकोच वाटतो, भेसळीचा होता. नंदुरबार, पिंपळनेर या बाजूच्या डोंगरउतारांवर रोशा नांवाचें सुगंधी गवत येतें. पाऊस सरतां सरतां तें फुलावर येतें, तेव्हां कापून ओढ्याकांठच्या भट्ट्यांत त्याचें तेल काढीत. सुक्या, निचऱ्याच्या उतारावरचें तें 'मोतिया', आणि सावलींतल्या ओलसर जागेंतलें तें 'सोफिया'. मोतियाचें तेल सरस. या तेलाला गुलाबाचा वास येतो, कारण त्यांतला मुख्य घटक, ज्याला रसायनशास्त्रज्ञ जिरॅनिऑल म्हणतात, तो गुलाबाच्या अत्तरांतही आहे.

हें खानदेशी तेल मुंबईच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडील बंदरांस जाई, तेथून इस्तंबूलला. तेथें त्याला लिंबाचा रस घातलेल्या पाण्याशीं घुसळून, उन्हांत ठेवून, साफ करीत. त्यानें त्याचा उग्रपणा जाई. मग तें बाल्कन पर्वताच्या पायथ्याशीं कझानलिकच्या गुलाबखोऱ्यांत पोंचे. तो मुलूख १८७८ पर्यंत तुर्कांच्या ताब्यांत होता. आज तो बल्गेरियांत आहे. तेथील भट्टीवाले फुलें भांड्यांत घालण्यापूर्वीं त्यांवर हें तेल शिंपडीत, म्हणजे दोन्हींची वाफ एकजीव होऊन निघे. युरोपांतल्या व्यापाऱ्यांना या तेलाचें नांव ठाऊक होतें तें 'तुर्की जिरेनियम'. खानदेशाचें नांव त्यांत कोठेंही नव्हतें.

शुद्ध अत्तर थंडींत गोठतें. त्यांतला मेणासारखा भाग स्फटिक धरतो. व्यापारी या गोठण्यावरून परीक्षा करीत. रोशा मिसळला कीं अत्तर लवकर गोठत नसे. मग भेसळ करणाऱ्यांनीं त्यांत देवमाशाच्या डोक्यांतलें मेण घालावयास सुरुवात केली! बल्गेरियाच्या सरकारनें पुढें या तेलाच्या आयातीवर बंदी घातली. खरा प्रश्न त्यानें सुटला असें मला वाटत नाहीं. साडेतीन ते चार हजार किलो फुलांतून एक किलो अत्तर निघतें. त्या चार हजार किलोंच्या खुडणीचा मोबदला देण्यास गिऱ्हाईक तयार नसेल, तर भट्टीवाला कांहींतरी शिंपडणारच. भेसळ हें पाप खरें. पण तें बहुधा अशा भावांतून जन्माला येतें, ज्या भावांत शुद्ध माल देतांच येत नाहीं. आणि भेसळीचा दंड अखेर फुलवाल्याला भरावा लागतो, कारण माल अशुद्ध ठरला कीं फुलाचा भाव पडतो, तेलाचा नव्हे.

भेसळ तरी गवताची होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तीस-पस्तीस वर्षांत रसायनशाळेंतून वास निघूं लागले. १८६८ मध्यें पर्किननें कूमारिन बनविलें, १८७४ मध्यें टीमान व हारमान यांनीं व्हॅनिला कृत्रिम रीतीनें तयार केली, आणि १८९३ मध्यें त्याच टीमाननें क्रूगर नांवाच्या सहकाऱ्याबरोबर आयोनोन हा व्हायोलेट फुलाचा वास सिद्ध केला. या शेवटच्या शोधाची एक बाजू आपल्या देशाशीं निगडित आहे. आयोनोन ज्या पदार्थापासून बनवीत तो, सिट्रल, गवती चहाच्या जातीच्या गवताच्या तेलांत विपुल असतो, आणि तें तेल त्रावणकोर-मलबारकडून कोचीनच्या बंदरांतून जाई. म्हणजे दक्षिण फ्रान्समधील व्हायोलेटच्या मळेवाल्यांच्या पोटावर पाय आला तो केरळांतल्या डोंगरावर गवत कापणाऱ्या मजुरांच्या विळ्यानें. या दोघांनीं एकमेकांस कधीं पाहिलें नाहीं. पुढें सिट्रलही खनिज तेलापासून बनूं लागलें, तेव्हां केरळचा गवतवाला त्याच फ्रेंच मळेवाल्याच्या रांगेंत येऊन बसला.

गुलाबाचें तर आणखी विचित्र आहे. ताज्या गुलाबाच्या वासांतला एक मोठा अंश, फेनिल-एथिल अल्कोहोल, ऊर्ध्वपातनांत पाण्यांत विरघळून जातो. तेलांत फारच थोडा येतो. म्हणून उत्तम अत्तरालाही फुलासारखा हुबेहूब वास येत नाहीं. तोच अंश कारखान्यांत स्वस्तांत, पिंपेंच्या पिंपें तयार होतो. साबणाला गुलाबाचा वास देण्यास गुलाब लागेनासा झाला, हें त्याचें फळ. साबण स्वस्त झाला, घरोघर गेला, हें चांगलेंच; गुलाबाचा साबण गोरगरिबांना मिळूं नये असें म्हणणारा मी कोण? परंतु 'गुलाब' हा शब्द वेष्टनावर तसाच राहिला, आणि शब्दाचें मोल फुलवाल्याला कांहींच मिळालें नाहीं.

या सर्वांतून जें तगलें तें कनौज. तेथील पद्धत गाजीपूरच्या पापुद्र्याहून निराळी. तांब्याची देग फुलांनीं व पाण्यानें भरतात, झांकण कापूस व माती यांनीं लिंपून बंद करतात, सुतळी गुंडाळलेल्या बांबूच्या नळीनें तिला भपका जोडतात. भपका म्हणजे लांब मानेचें तांब्याचें भांडें. तें पाण्याच्या टाक्यांत बुडालेलें असतें आणि त्यांत आधींच चंदनाचें तेल घातलेलें असतें. फुलांची वाफ नळीवाटे येऊन त्या तेलांत मुरते. भट्टीवाल्याजवळ उष्णतामापक नसतो. तो पाण्यांत हात घालून भपका चांचपतो आणि त्यावरून जाळ कमीजास्त करावयास सांगतो. नव्या फुलांची देग, पुन्हा तेंच तेल. असें कित्येक दिवस चालतें. शेवटीं पाण्याचा अंश निघून जावा म्हणून तें चामड्याच्या कुपींत भरून ठेवतात. पहिल्या पावसांत मातीला येणारा वासही हे लोक भाजलेल्या मातीच्या चकत्यांतून याच रीतीनें पकडतात. मी प्रथम मातीचें अत्तर हुंगलें तेव्हां मला, खरें सांगावयाचें तर, कनौज आठवलें नाहीं; जूनच्या आरंभींचें आमच्या घराचें अंगण आठवलें.

चंदनाचें तेल हाच त्या पद्धतीचा प्राण, आणि तिचें मर्मही तेंच. म्हैसूरच्या टिपूनें १७९२ मध्यें चंदनाचें झाड सरकारी ठरविलें, आणि पुढच्या सरकारांनीं तो हक्क सोडला नाहीं. स्वतःच्या शेतांतलें चंदनही स्वतःचें नाहीं, अशी स्थिति असल्यावर तें लावील कोण? जंगलांतलें चोरीला गेलें, बांधावरचें कोणीं लावलें नाहीं. कर्नाटकानें २००१ मध्यें व तामिळनाडूनें २००२ मध्यें कायदा सैल केला. परंतु चंदनाच्या गाभ्यांत तेल भरण्यास वर्षानुवर्षें लागतात. मधल्या काळांत तेलाची किंमत अशी चढली कीं कनौजच्या पुष्कळ भट्ट्यांनीं भपक्यांत चंदनाऐवजीं द्रव पॅराफिन किंवा असलेंच दुसरें निर्गंध रसायन घालण्यास सुरुवात केली. पुण्यांतल्या एका वृद्ध अत्तरवाल्याकडे मी मोगऱ्याचें अत्तर मागितलें, तेव्हां त्यांनीं मला विचारलें, "रावसाहेब, चंदनावरचें देऊं कीं साधें?" मी साध्याचा अर्थ विचारला. ते हंसले व म्हणाले, "साधें म्हणजे तुम्हांला परवडेल तें." त्यांचा हिशेब चुकला नव्हता.

मग कनौजचें मोठें गिऱ्हाईक कोण? कांहीं अंशीं आखाती देश. पण कित्येक वर्षें सर्वांत मोठें गिऱ्हाईक पानमसाला आणि तंबाखू हेंच होतें. ओरिसांतील गंजमचा केवडा, कनौजचा गुलाब, यांचा मोठा वांटा अखेर त्या चकाकणाऱ्या पुड्यांत जाई. २०१२ मध्यें महाराष्ट्रानें गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली, आणि इतर राज्यांनींही गुटख्यास मनाई केली. ती बंदी योग्यच होती. तोंडाच्या कर्करोगाचे रोगी ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना हें सांगावयास नको. तरीही गंजमच्या किनाऱ्यावर कांटेरी बांधांतून केवड्याचें कणीस पहांटे तोडून आणणाऱ्या माणसाला मुंबईच्या निर्णयाची झळ पोंचते, ही गोष्ट खरी राहते. एकच गिऱ्हाईक असलेल्या धंद्याला असें वारंवार होतें. १९९१ मध्यें कनौजला सुगंध व स्वाद यांच्या विकासाचें सरकारी केंद्र स्थापन झालें. तेथें नव्या भट्ट्या, परीक्षा, शिक्षण यांची सोय आहे. त्याचा उपयोग मुख्यतः ज्याच्याजवळ भट्टी आहे त्याला.

२०२० च्या मार्चअखेर महामारीमुळें साऱ्या देशांत टाळेबंदी झाली, ती नेमकी गुलाबाच्या हंगामांत. देवळें बंद, लग्नें पुढें ढकललेलीं, हार नाहींत, भट्ट्या थंड. झुडपांना मात्र टाळेबंदी कळत नाहीं. तीं रोज पहांटे फुलत राहिलीं. फूल न खुडतां ठेवलें तर झुडूप बिघडतें, म्हणून गिऱ्हाईक नसतांही खुडणी करावी लागते. म्हणजे मजुरी द्यावयाची आणि फुलें बांधावर टाकावयाचीं. जॅक्सनच्या बिघ्याचा ३८ रुपये ८ आण्यांचा खर्च यांत आपण ओळखूं शकतों. आंकडा बदलला आहे इतकेंच.

अजमेरजवळच्या पुष्करकडे मात्र एक निराळी चाल आढळते. तेथें गुलाबाच्या पाकळ्या उन्हांत पसरून वाळवितात, पोतीं भरतात, आणि त्या परदेशींही जातात. कांहीं फुलांचा गुलकंद होतो. वाळलेल्या पाकळींत अत्तर फारसें उरत नाहीं आणि तिला ताज्या फुलाची किंमत येत नाहीं. पण पोतें घरांत राहतें, आणि सकाळीं आलेल्या व्यापाऱ्याचा भाव पटला नाहीं तर त्याला परत पाठवितां येतें.